वटहुकूम क्रमांक दोन

५ ऑक्टोबर, रविवार

आज दुपारी साडेतीन वाजता मी पंतप्रधान झालो.

हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं. ऑगस्टअखेर निवृत्त झालो तेव्हा ही वही घेतली, पण पाच आठवड्यांत तिच्यात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. चौतीस वर्षं मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. पहाटे साडेपाचला दवनीवाडा सोडायचं, गोंदियाच्या स्थानकावर माईकवरून गाड्या पुकारायच्या, अंधार पडल्यावर घरी यायचं. आता पुकारायला काही राहिलं नाही. परवा गोमतीला ‘स्वयंपाक झाला का’ हे मी इतक्या मोठ्यानं विचारलं की शेजारची शामकला दारात येऊन उभी राहिली.

तर झालं असं. मुर्रीहून समीक्षा मेश्राम नावाच्या एक मॅडम आमच्या गावच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला येतात. वय तिशीच्या आत, येतात स्कूटीवर, बोलतात भरभर. २६ नोव्हेंबरला संविधान दिन आहे, त्या दिवशी त्यांना गावात संसद भरवायची आहे. पण पोरांची नाही. “पोरांची संसद सगळेच भरवतात, काकाजी,” त्या म्हणाल्या, “मत तर मोठी माणसं देतात. त्यांनी एकदा आत बसून पाहावं.”

समाजमंदिरात तेहतीस माणसं जमली. चिठ्ठ्या उचलल्या. सोळा सत्ताधारी, पंधरा विरोधी. शिंपीकाम करणारे केवळराम रामटेके लोकसभेचे अध्यक्ष. धान कापणाऱ्या बायकांच्या टोळीची म्होरकी रुक्माबाई, वय सत्तर, ती राष्ट्रपती. विरोधी पक्षनेता ट्रॅक्टरवाला ओमेश. आमच्याकडे राज्यसभा नाही, कारण खुर्च्या नाहीत.

गोमतीची चिठ्ठी माझ्याच पक्षाची निघाली. पंतप्रधानपदासाठी माझं नाव तिनंच सुचवलं. “यायचा आवाज मोठा आहे,” माझ्याकडे बोट करून एवढंच म्हणाली. लोक कशाला हसले ते कळलं नाही. निवड मात्र एकमतानं झाली.

८ ऑक्टोबर, बुधवार

पहिली बैठक. प्रश्नोत्तराचा तास नावाचा एक प्रकार असतो. त्यात कोणीही उठतो, काहीही विचारतो, आणि सरकारनं उत्तर द्यायचं. ओमेशनं विचारलं, गावातल्या दवाखान्यात डॉक्टर किती दिवस येतात. मी म्हटलं, नियमित येतात. त्यानं विचारलं, नियमित म्हणजे किती. मी म्हटलं, वेळापत्रकानुसार. केवळरामभाऊ चष्म्यावरून पाहत म्हणाले, “पंतप्रधानानं आकडा सांगावा.” आकडा माझ्याकडे नव्हता. मी मोठ्यानं बोललो, तरी आकडा आला नाही.

बैठकीनंतर मॅडमना म्हटलं, सरकार एकदा बसवलं की त्याला काम करू द्यावं. त्या म्हणाल्या, “सरकार सभागृहातून निघतं आणि सभागृहालाच जबाबदार असतं. सभागृहाचा भरवसा आहे तोवर सरकार.”

“म्हणजे ड्रायव्हर प्रवाशांना जबाबदार. ठीक आहे. म्हणून काय प्रवाशांनी गिअर टाकायचे?”

“गिअर नाही टाकायचे, काकाजी. पण गाडी कुठं चालली आहे हे विचारायचा हक्क त्यांचा.”

गाडी कुठं चालली ते पाटीवर लिहिलेलं असतं. हे मला तेव्हा सुचलं नाही, घरी आल्यावर सुचलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

धान कापणीला आलं, पुढं दिवाळी, मग मंडईची जत्रा. म्हणून ९ नोव्हेंबरपर्यंत संसद स्थगित. मी निराश झालो होतो, पण मॅडमनी एक फार चांगली गोष्ट सांगितली. अधिवेशन चालू नसताना काही तातडीचं असेल तर सरकार राष्ट्रपतींच्या सहीनं वटहुकूम काढू शकतं. तो कायद्यासारखाच चालतो.

“मग अधिवेशन भरवायचंच कशाला?” मी विचारलं.

मॅडम हसल्या. “संसद पुन्हा भरली की वटहुकूम तिच्यापुढं ठेवावा लागतो. सहा आठवड्यांत मान्य झाला नाही तर आपोआप संपतो. संसदेनं नापसंत केला तर त्याआधीच.”

ते पुढचं पुढं.

घरी गोमतीला सांगितलं, की दिवाळी झाली की आपण कुडव्याला भुवनेश्वरकडे राहायला जाऊ. पोराचं घर गोंदियाला लागून आहे, वरची खोली रिकामी आहे, इथं आता माझं काय काम? शेत ओमेशला ठेक्यानं देऊन टाकू. ती विळ्याला धार लावत होती. “बरं,” म्हणाली. तिला पसंत पडलं म्हणायचं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वटहुकूम क्रमांक एक. सकाळी दहा ते साडेदहा शाळेच्या बोळीतून धानाचे ट्रॅक्टर नेऊ नयेत.

सहीसाठी रुक्माबाईकडे बांधीत, धानाच्या शेतात गेलो. ती कमरेत वाकून कापत होती. हात पुसले, कागद पाहिला, म्हणाली, “वाचून दाखव.” मी वाचला. पुकारल्यासारखाच वाचला, त्यामुळे आजूबाजूच्या चार बांध्यांतल्या लोकांनी पण ऐकला. “हे बराबर आहे,” म्हणत तिनं सही केली. सही करायला ती दोन वर्षांपूर्वीच शिकली. सावकाश करते आणि केल्यावर तिच्याकडे पाहत राहते.

कागद समाजमंदिराच्या फळ्यावर लावला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ट्रॅक्टर थांबले! ओमेशनं स्वतः, विरोधी पक्षनेता असून, पावणेदहाला ट्रॅक्टर वडाखाली लावून ठेवला. शाळेच्या बाईंनी मला हात जोडले. चौतीस वर्षं मी ‘प्रवाशांनी कृपया रांगेत यावे’ पुकारत होतो, एक माणूस रांगेत आला नाही. इथं एक कागद लावला आणि ट्रॅक्टर थांबले.

चार वाजता केवळरामभाऊंच्या दुकानात चहा. हल्ली रोज होतो. ते शिवता शिवता बोलतात, मी नुसतं बोलतो.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मंडई झाली. दंडार पाहिली, गाण्या-नाचाचं आमच्याकडचं लोकनाट्य. या गावची मंडई मी ड्युटीमुळे कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. लोक मला ‘पंतप्रधान साहेब’ म्हणून हाक मारत होते. गोमती सांगत होती, ही अमक्याची सून, हा तमक्याचा जावई. मला निम्मी माणसं नवीन होती.

वटहुकूम क्रमांक दोन तयार आहे. स्टँडजवळच्या डांबरी रस्त्यावर धान वाळायला घालू नये. गाडीला साइड मिळत नाही, चाकाखाली धान येतं, ब्रेक लावला तर गाडी घसरते. स्थानकावर हे मी हजार वेळा ऐकलं आहे. आता माझ्या हातात आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

रुक्माबाईनं सही केली नाही!

“आणि बाया वाळवतील कुठं?” म्हणाली.

“आपापल्या आंगणात.”

“सगळ्यायले आंगण आहे काय? कोणाले विचारलंस? जाय, पुन्हा इचार कर.”

मी तडक मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, राष्ट्रपती एकदा फेरविचाराला परत पाठवू शकतात. सरकारनं तेच पुन्हा पाठवलं तर मात्र सही करावी लागते. मी फेरविचार केला. पाच मिनिटं केला, घड्याळ लावून. मग तोच कागद घेऊन परत गेलो.

रुक्माबाईनं सही केली. पण यावेळी सहीकडे पाहत बसली नाही. “तुह्या जिद्दीवर करून राहिली,” एवढं म्हणाली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

रस्ता मोकळा. अडीचची गाडी एकदाही न थांबता स्टँडवर आली. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, खिडकीतून सलाम केला. शामकलानं तिचं धान उचलून नाल्याच्या काठच्या पडीक जागेत ताडपत्रीवर घातलं आहे. नवरा गेल्यापासून बाई एकटी सगळं करते. तिनं कायदा लगेच मानला, याचा मला आनंद वाटला. गोमतीला तसं म्हटलं. ती घमेलं उचलून शामकलाला मदत करायला गेली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज काय दिवस गेला! हात दुखत आहेत, तरी लिहितो.

दुपारी एकपर्यंत ऊन. मग पश्चिमेकडून अंधारून आलं. या दिवसांत पाण्याचं काय काम? मी केवळरामभाऊंच्या दुकानात होतो. गोमती पळत आली, पदर खोचलेला. “उठा! शामकलाचं धान खोलगट जागेत आहे, नाल्याचं पानी येईन!”

मी उठलो. वाटेत काय झालं कोणास ठाऊक, मी स्थानकावरच्या आवाजात पुकारायला लागलो. “गावातील सर्व नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे! नाल्याकाठी धान भिजत आहे! घमेली आणि पोती घेऊन त्वरित निघावे!” माईक नव्हता, पण लोक निघाले. पन्नास तरी माणसं. ओमेशनं ट्रॅक्टर आणला. रुक्माबाईची टोळी बांधीतून थेट आली. मॅडम स्कूटी वाटेतच टाकून चपला हातात घेऊन पोती धरत होत्या. केवळरामभाऊंच्या गळ्यात टेप तशीच.

कडेचं थोडं भिजलं, बाकी सगळं वाचलं. न्यायचं कुठं? शामकलाचं अंगण एका खाटेएवढं. जवळ होतं समाजमंदिर. तिथं नेऊन ओतलं. सत्ताधारी बाकं एका भिंतीला, विरोधी बाकं दुसऱ्या भिंतीला, आणि मध्ये गुडघाभर धान. सगळे भिजलेले, सगळे हसत होते. शामकला रडतही होती, हसतही होती. कोणी तरी चहाचं पातेलं आणलं. मी अध्यक्षांच्या खुर्चीवर बसून चहा प्यायलो, केवळरामभाऊ जमिनीवर, कोणाला काही वाटलं नाही.

मी गोमतीला म्हटलं, “बघितलंस? माझ्या आवाजामुळं धान वाचलं.”

तिनं भिजलेला पदर पिळला. “हो,” म्हणाली. “आणि तिथं गेलं कोणामुळं?”

मी म्हटलं, ओमेशच्या ट्रॅक्टरमुळं. तिचा प्रश्न तो नव्हता बहुतेक.

३ नोव्हेंबर, सोमवार

गोमतीनं बांधीत लाखोरीची डाळ पेरली आहे, हे आज कळलं. धान उभं होतं तेव्हाच टाकली होती म्हणे, आता कापल्यावर हिरवी दिसायला लागली. ती काढायला फाल्गुन उजाडतो. मी म्हटलं, आपण कुडव्याला जाणार आहोत, मग पेरलीस कशाला? म्हणाली, “पेरायचे दिवस होते म्हणून पेरली.” बायकांना एखादी सवय लागली की सुटत नाही.

भुवनेश्वरला फोन करून सांगितलं, नोव्हेंबरअखेर येतो. तो म्हणाला, “आई काय म्हणते?” मी म्हटलं, तयारच आहे.

शाळेच्या बाईंनी विचारलं, मुलांना एकदा गाड्यांचं वेळापत्रक कसं बनतं ते सांगाल का. कुडव्याला जाण्याआधी एक तास घेईन.

९ नोव्हेंबर, रविवार

धान सुकवून शामकलानं नेलं. समाजमंदिर झाडून संसद पुन्हा भरली. दोन्ही वटहुकूम सभागृहापुढं ठेवले. क्रमांक एक टाळ्यांच्या गजरात मान्य. क्रमांक दोनवर ओमेशनं नापसंतीचा ठराव दिला. मतदान बुधवारी.

मी मोजलं. आमचे सोळा, त्यांचे पंधरा. काळजी नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मॅडमकडून पक्षादेशाचा नमुना घेतला. सोळा जणांना लेखी आदेश: वटहुकुमाच्या बाजूनंच मत द्यावं. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. शेवटची गोमतीची, चुलीपुढं. तिनं वाचलं. “हे काऊन? मन माझं आणि हात तुमच्या सांगण्यावर वर करायचा?”

“पक्षाची शिस्त असते.”

“आणि नाही मानलं तं?”

“सदस्यत्व जाऊ शकतं.”

“बरं,” म्हणाली आणि सही केली. मी कागद नीट घडी करून ठेवला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जसं घडलं तसं लिहितो.

ओमेश बोलला, ठीक बोलला. मी उत्तर दिलं, ब्रेकचं सांगितलं, घसरणाऱ्या चाकांचं सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या. मग शेवटच्या बाकावरून गोमती उठली.

तीस वर्षांच्या संसारात मी तिला चार माणसांपुढं बोलताना पाहिलं नव्हतं. उठली तेव्हा बाकाची कड धरून होती. मग हात सोडला.

“अध्यक्षभाऊ, रस्त्यावर धान नाही वाळवलं पाहिजे, हे मले मान्य आहे. गाडीवाल्यायची अडचण मी रोज जेवताना ऐकली आहे.” लोक हसले. ती थांबली नाही. “पण हा हुकूम काढताना कोणाले विचारलं? राष्ट्रपतीनं विचाराले सांगितलं होतं, तरी नाही विचारलं. शामकलाले विचारलं असतं तं तिनं सांगितलं असतं, माझं आंगण खाटेएवढं आहे. मंग कोणी तरी म्हटलं असतं, या समाजमंदिराचं आवार सिमेंटचं आहे, वर्षभर रिकामं पडून राहते. पाळीपाळीनं तिथं वाळवू. पाच मिनिटाचं काम होतं. त्यासाठी पानी येयाची वाट कायले पाहाची? यायची मनशा वाईट नव्हती. पण एकट्यानं ठरवलं, तं एकट्याले जेवढं दिसते तेवढंच दिसलं.”

ती खाली बसली. मला तेव्हा नाल्याकाठची जागा दिसली, आणि ३० तारखेला तिनं विचारलेला प्रश्न काय होता ते कळलं.

केवळरामभाऊंनी हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूनं सोळा, विरोधात पंधरा. सोळावा हात माझ्या मागून वर आला होता.

वटहुकूम पडला. मला वाटलं मी पण पडलो. मॅडम म्हणाल्या, नाही, सरकार पाडायला अविश्वासाचा ठराव लागतो. तो कोणी आणला नाही. उलट ओमेशनं तिथल्या तिथं विधेयक मांडलं: रस्ता मोकळा ठेवायचा, आवारात पाळीनं वाळवायचं, पाळीची यादी रुक्माबाईच्या टोळीनं करायची. एकतीस हात वर. त्यात माझाही होता. चांगलं विधेयक होतं, काय करणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भाजी अळणी होती. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चर्चा झाली असती.

१६ नोव्हेंबर, रविवार

मॅडमनी आज नवीन पेच सांगितला. पक्षादेश मोडून मत दिलं की सदस्य अपात्र ठरू शकतो, निकाल अध्यक्षांनी द्यायचा. पण एक सूट आहे. पंधरा दिवसांच्या आत पक्षानं ते मत माफ केलं, तर सदस्यत्व राहतं. पक्षाचा नेता मी. म्हणजे २७ तारखेच्या आत मी लिहून दिलं नाही, तर गोमती संसदेतून बाहेर.

केवळरामभाऊ दुकानात म्हणाले, “धनलालभाऊ, मी अध्यक्ष आहे. मले पक्ष नाही. तक्रार आली तं नियमानं निकाल देईन.” मग सुईत दोरा ओवत म्हणाले, “पण आज दोरा जाऊनच नाही राहिला, पाहा.”

रुक्माबाईनं वाटेत अडवलं. “तिले काढलं तं मीही राजीनामा देतो. मंग आण नवी राष्ट्रपती.”

सगळ्या गावाला वाटतं मी तिला काढणार आहे. मी तसं बोललेलो नाही. मी काहीच बोललेलो नाही, हे या गावात फार मोठं मानतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पत्र लिहिलं. ‘श्रीमती गोमती धनलाल बिसेन यांनी पक्षादेशाविरुद्ध मत दिले. पक्ष त्यांना उदार मनाने माफ करत आहे.’ तिला वाचायला दिलं. वाटलं, खूश होईल.

“माफ? मी चोरी केली काय?”

“कायद्यातच तसं आहे.”

“कायदा राहू द्या. मले एक सांगा. ते मत चुकीचं होतं काय?”

मी अंगणात गेलो, परत आलो. “नाही,” म्हटलं.

“मंग तसं लिहा.”

तसं लिहिलं. ‘सदस्यांचे मत बरोबर होते. पक्षाची काही तक्रार नाही. पक्षाने आधी विचारायला हवे होते.’ शेवटचं वाक्य तिनं सांगितलं नव्हतं. ते माझं मीच लिहिलं. ती वाचत होती आणि ओठ दाबून हसत होती. नोकरीत असताना हे हसणं पाहायला मी घरी कधी असायचो?

मग ती समोर बसली. “आता दुसरं. कुडवा.”

“त्याचं काय? ते तर ठरलं आहे.”

“कोणी ठरवलं?”

मी वहीत १२ ऑक्टोबरचं पान शोधायला लागलो. ती म्हणाली, “सव्वा महिन्यापासून तुम्ही मले सांगून राहिले जी. विचारून नाही राहिले.”

म्हणून मी विचारलं. साधंच वाक्य आहे. “गोमती, तुला कुडव्याला राहायला जायचं आहे काय?”

“नाही,” ती म्हणाली. इतक्या लवकर, की उत्तर कधीचं तयार होतं. “पोराच्या घरी चार दिवस जाईन, हौसेनं जाईन. पण माझी बांधी इथं आहे, माझ्या बाया इथं आहेत. आणि आता तं मले संसदेत बोलता बी येते.” मग म्हणाली, “आणि तुमाले? तुमाले जायचं आहे?”

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलायला लागलो. शुक्रवारी शाळेत वेळापत्रकाचा तास आहे, पोरांनी अजून एक मागितला आहे. आवारातली पाळीची यादी अजून कच्ची आहे. चार वाजता केवळरामभाऊ वाट पाहतात. अडीचच्या गाडीचा ड्रायव्हर...

“म्हणजे नाही,” गोमती म्हणाली.

“म्हणजे नाही,” मी म्हटलं. दोन मतं, दोन्ही एका बाजूला.

भुवनेश्वरला फोन लावला, स्पीकरवर. त्याला वाईट वाटेल म्हणून मी हळू बोललो. तो म्हणाला, “बाबूजी, मी तं पहिल्या दिवसापासून सांगून राहिलो, आईचं मन असेल तरच या म्हणून. तुम्ही ऐकूनच नव्हते राहिले.” हे त्यानं सांगितल्याचं मला आठवत नाही. तो सूनबाई आणि पोरांना घेऊन २६ तारखेला संसद पाहायला येणार आहे.

दुपारी केवळरामभाऊंना पत्र नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला. मग एका दमात सुईत दोरा ओवला.

आज भाजी फक्कड होती. तसं सांगितलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संविधान दिन. समाजमंदिरात जागा पुरली नाही, लोक खिडक्यांत बसले. गोंदियाहून दोन पाहुणे आले होते. भुवनेश्वर, सूनबाई, नातवंडं पहिल्या रांगेत. रुक्माबाईनं उद्देशिका म्हटली. कागद हातात नव्हता. विहारात ऐकून ऐकून तिला पाठ आहे. ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणताना तिनं सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली, जणू मोजून घेत होती, सगळे आले की नाही.

प्रश्नोत्तराचा तास. पहिला प्रश्न सत्ताधारी बाकावरून, सदस्य गोमती बिसेन. “पंतप्रधान सांगतील काय, की गावात किती घरांले धान वाळवाले आंगण नाही?”

आधी ठरवलेल्या प्रश्नांत हा नव्हता. मॅडमनी कपाळाला हात लावला. पाहुणे पुढं वाकले. मी उठलो. मोठ्या आवाजात काही तरी बोलून वेळ मारून नेता आली असती, ते मला येतं.

“अध्यक्ष महोदय,” मी म्हटलं, “मला माहीत नाही.”

मॅडमनी कपाळावरचा हात खाली घेतला. मी पुढं बोललो.

“मी घरोघरी जाऊन पाहतो आणि सोमवारी सभागृहापुढं आकडा ठेवतो.”

आधी ओमेशनं बाक वाजवलं, मग त्याच्या बाजूच्या सगळ्यांनी, मग आमच्या बाजूच्यांनी. एवढ्या टाळ्या मला निवृत्तीच्या दिवशीही मिळाल्या नव्हत्या. भुवनेश्वर उभा राहून वाजवत होता. गोमती दोन्ही हातांनी बाक बडवत होती. प्रश्न तिनंच विचारला होता, तरी.

कार्यक्रम संपला. पाहुण्यांनी कौतुक केलं. मॅडमचे डोळे भरले होते, त्या म्हणाल्या, “आता अधिवेशन समाप्त. सगळ्यांचे आभार.”

“समाप्त कसं?” रुक्माबाई खुर्चीतून उठली. “पंतप्रधानानं सोमवारचं कबूल केलं ना? मंग सोमवारी संसद पाहिजे. संसद बोलवाचा अधिकार कोणाचा, मॅडम?”

“राष्ट्रपतींचा,” मॅडम म्हणाल्या, “सरकारच्या सल्ल्यानं.”

रुक्माबाईनं माझ्याकडे पाहिलं. “देऊन राहिला का सल्ला?”

“देऊन राहिलो!” मी म्हटलं. हे खिडक्यांबाहेरही ऐकू गेलं.

“सोमवारी, तीन वाजता,” रुक्माबाई म्हणाली. “पुढच्याही सोमवारी. काम आहे तोपर्यंत.”

उद्या सकाळी गोमती आणि मी निघतो, पहिलं घर शामकलाचं. अंगणं मोजायला केवळरामभाऊंनी आपली टेप दिली आहे. शिंप्याची आहे, दीड मीटरची. एवढ्या गावाला वेळ लागेल. लागू दे.